उमाच्या स्कूटरमागे

अठराव्या दिवशी उमानं बुवापाड्याच्या वळणावर स्कूटर हळू करत एकदम थांबवली. आरशात रोज दिसणारा सायकलवाला मागच्या चाकावर येऊन आदळला, आणि तो कोपर चोळत उठायच्या आत तिनं पायातली चप्पल हातात घेतली.

"मागे का लागलायस रे?"

"मागे नाही मॅडम... आडोशाला. तुम्ही पुढे वारा कापता, मला दम कमी लागतो."

मग त्यानं सगळं सांगितलं. नाव भूपेश भोईर, अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. आठ वर्षं सायकलच्या शर्यती. आजवरचा सगळ्यात वरचा नंबर, अकरावा. उमा बदलापूरला लॅबमध्ये जाताना बरोब्बर बेचाळीसनं स्कूटर चालवते, असा सराव दुसरीकडे मिळत नाही. तिचा चेहरा त्यानं आजच पाहिला. नंबरप्लेट मात्र पाठ होती.

उमा हादरली. याआधी मागे लागलेल्या दोघांना तिनं रीतसर प्रसाद दिला होता. याला द्यायचा तरी कशाबद्दल? हा तिच्यासाठी आलाच नव्हता. एवढा अपमान तिचा कोणी केला नव्हता.

"रविवारी शर्यत आहे," तो म्हणाला. "तोवर... अशीच चालवाल?"

तिनं चालवली. आरसाही जरा वळवून घेतला — रस्ता दिसावा म्हणून नव्हे. शनिवारपर्यंत दोघं बदलापूरच्या टपरीवर चहा घेऊ लागले होते, आणि भूपेश चहा निवेपर्यंत नंबरप्लेट सोडून दुसरीकडेच बघत बसायचा.

रविवारी शेवटचे तीन किलोमीटर उरले तेव्हा तो तिसरा होता. मान पार खाली गेलेली. कडेला उभ्या उमाला बघवेना. तिनं स्कूटर त्याच्यापुढे घातली आणि काटा बेचाळीसवर आणला. भूपेशनं सवयीनं चाक मागे लावलं.

तो पहिला आला. दुसरा दिसायलाच वेळ लागला.

शर्यतीत गाडीचा आडोसा चालत नाही, हे उमाला पंच विष्णुपंतांकडून कळलं. विष्णुपंत भले गृहस्थ. कोणी अनोळखी बाई मध्ये घुसली असेल तर तिसरा नंबर देतो, म्हणाले. ओळखीची असेल तर मात्र बाद.

"ओळखता यांना?"

आठ वर्षांतलं पहिलं पदक समोर टेबलावर होतं. भूपेशनं ते बघितलं. मग उमाकडे बघितलं... बराच वेळ.

"ओळखतो. आमचं लग्न ठरलंय."

विष्णुपंतांचं पेन थांबलं.

"खरं का हो, ताई?"

"हो," उमा म्हणाली. "मलाही — आत्ताच कळलं."