सहाव्या झेंड्याचं अंगण

कंदील जरा बारीक करा रं... हां. दहिवलीचे शरच्चंद्र ओव्हरसियर माझ्या वडिलांचे स्नेही. त्यांच्यावर गुदरलेली गोष्ट आहे.

खालापूरजवळ डोंगरपायथ्याला साहेबलोकांचं एक हॉटेल होतं. एकोणीसशे बारा साली मालकानं लगतची ठाकरांची वाडी उठवून तिथं गोल्फचं मैदान केलं. मग लढाई आली, हॉटेल बंद पडलं, मैदानावर घाणेरीचं रान माजलं. पुढं बऱ्याच वर्षांनी नव्या मालकानं ते पुन्हा उभं करायचं काम शरच्चंद्रांना दिलं. त्यांनी रान काढलं. चेंडू पाडायच्या बुजलेल्या गली शोधल्या, एकेका गलीत झेंडा रोवला, भोवती हरळी लावली. रविवारी साहेब खेळायला यायचे होते.

मार्गशीर्षातली अमावस्या, साल बत्तीस. जेवण झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, सहाव्या झेंड्यापाशी पाण्याची चावी उघडीच राहिली. हरळी कुजली असती. ते कंदील घेऊन उठले.

कामावरचा नवशा ठाकर म्हणाला, "रातचं तिथं नका जाऊ, दादा. वाडी उठली तवा आवडी म्हातारीनं घर सोडलं नाय. तिथंच मेली ती."

"वीस वर्षं झाली त्याला," म्हणाले, आणि निघाले.

चावी बंद केली. पाणी थांबलं.

तरी आवाज येत होता. ओल्या जमिनीवरून हात फिरावा तसा... सर्र... सर्र...

शेणाचा वास आला.

कंदील वर धरला. हिरवळीवर एक म्हातारी ओणवी बसून सारवत होती. पाठमोरी.

"कोण आहे?"

हात थांबला नाही.

"पाय धुवून ये रं. आताच सारवलंय."

त्यांचा एक पाय हिरवळीवर होता. उचलवेना.

मग आतल्या खोलीतून यावा तसा एका पोरीचा आवाज आला. "आये, कोण आलंय गं?"

आतल्या... तिथं घर कुठं होतं? उघडा माळ.

म्हातारी मान वळवू लागली.

शरच्चंद्रांनी हात जोडले. "आवडीबाई, चुकलो. तुमचं घर आहे हे ठाऊक नव्हतं."

...

"बरं," एवढंच ऐकू आलं. पाय सुटला. माळ संपेपर्यंत त्यांनी मागं पाहिलं नाही.

सकाळी नवशाला घेऊन ते परत गेले. हिरवळ स्वच्छ. शेणाचा डाग नाही. मालकाला न विचारता त्यांनी सहावा झेंडा उपटला. त्यापायी नोकरी गेली, त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही.

झेंडा निघाला तेव्हा गलीत राख दिसली. चुलीतली असते तशी, बारीक, पांढरी. नवशानं हात घातला...

आणि झटकन मागं घेतला.

राख अजून ऊन होती.