कंठपट्टीतली प्रणिता

“कृपया भात आणावा. धन्यवाद.”

प्रणिताने नुसते ओठ हलवले आणि तिच्या गळ्याला चिकटवलेली पट्टी बोलली. चिपळूणच्या खातू खानावळीतली गिऱ्हाइकं जेवायची थांबली. आजवर खानावळीची हीच मालकीणबाई नवऱ्याला, हेमंतला, “अहो, भात आणताय की पिकवताय?” असं विचारायची, तेव्हा रस्त्यापलीकडचे रिक्षावाले दचकायचे.

दोष पट्टीचा नव्हता. गाठीमुळे थायरॉइडची ग्रंथी अख्खी काढायची ठरली, तेव्हा डॉक्टर शिरोडकरबाईंनी सगळं नीट समजावलं होतं. ग्रंथीला खेटूनच स्वरयंत्राच्या नसा जातात, म्हणून आवाज काही आठवडे बसेल, बहुतेक परत येईल. ओठांना, बोटांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम कमी झालं असेल, लगेच कळवायचं. थायरॉइडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, जन्मभर. आणि घशाला आराम म्हणून ही कंठपट्टी. जखमेपासून दूर, हनुवटीखाली लावायची. ती स्नायूंची हालचाल वाचते आणि ऑपरेशनआधी नोंदवलेल्या आवाजात, त्याच ढंगात बोलते. आवाज नोंदवताना “घरी बोलता तसं बोला,” असं बाईंनी हजारदा सांगितलं. पण समोर माइक दिसला आणि प्रणिता शाळेच्या गॅदरिंगमध्ये सूत्रसंचालन केल्यासारखी बोलली. मग पट्टी तरी काय शिकणार, कपाळ!

जखम भरली. मानेवरची रेघ फिकी होत चालली. मुंग्या आल्या नाहीत, गोळी तर हेमंत स्वतः हातावर ठेवायचा. आता पट्टी काढून आवाजाचा सराव करा, नाहीतर घसा कमजोर राहील, असं बाईंनी बजावलं. प्रणिता काही पट्टी काढेना. एकदा मोरीत एकटीने बोलून पाहिलं होतं, तर फाटक्या भोंग्यासारखं काहीतरी बाहेर पडलं. बिचारी हादरलीच.

हेमंतने परोपरीने समजावलं. पट्टी गोड आवाजात म्हणाली, “आपल्या सूचनेबद्दल आभारी आहे.” त्याला रडूच आलं. बायको समोर उभी होती आणि त्याला तिची आठवण येत होती.

शेवटी एके दुपारी त्याने तिच्यादेखत बांगड्याच्या उकळत्या तिखल्यावर, त्या झणझणीत कालवणावर, साखरेची वाटी धरली.

“कृपया साखर घालू नये,” पट्टी म्हणाली.

त्याने वाटी कलती केली.

प्रणिताने पट्टी ओरबाडून काढली. “अहो, डोकं फिरलंय का तुमचं?”

आवाज चिरका होता, मध्येच तुटला. रस्त्यापलीकडे काही गेला नाही, पण हेमंतपर्यंत पोचला. वाटी खाली ठेवून तो लहान मुलासारखा रडायला लागला. तेव्हा कुठे तिला त्याचा कावा कळला.

“आवाज असाच राहिला तर?” तिने घाबरत विचारलं.

“राहू दे. मी जवळ येऊन उभा राहीन.”

प्रणिताने पदराने आधी त्याचे डोळे पुसले, मग स्वतःचे. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली होती.

“जवळ उभे राहाल,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “तर मग भात कोण आणणार?”