येळवणीचा फेस

औंधच्या यमाईची आन घेऊन सांगते, ह्यातला शबुद न् शबुद खरा हाय! ज्याला खोटं वाटत आसंल त्यानं आत्ताच उठावं, आन् जाताना दार लोटून घ्यावं. आमच्याच आळीतली गोष्ट. माझ्या ह्या डोळ्यांम्होरं घडल्याली.

सोमवारची सकाळ व्हती. रहिमतपूरच्या स्टँडावर अपेक्षा गाडीत चढली. साताऱ्याला औषधाच्या दुकानात कामाला व्हती ती, रोजचंच येणं-जाणं. गाडीत जागा चिक्कार व्हत्या, पण ती जाऊन बसली एका उंच, सावळ्या पोराशेजारी. पोराच्या पायापाशी मोठी, नाडीची कापडी पिशवी. दोघंबी खिडकीभाईर बघत्यात, आन् खिडकी तर एकच!

कृष्णेच्या पुलाच्या अलीकडं डायवरनं कचकन् ब्रेक दाबला. पिशवी टर्रकन फाटली, आन् गाडीभर लिंबं! पिवळीधम्मक, कागदी लिंबं... कुणाच्या चपलेखाली, कुणाच्या ओटीत. एक घरंगळत गेलं ते अपेक्षाच्या पायापाशीच थांबलं. तिनं उचललं, नाकाला लावलं.

"आवं, ते माझं हाय," पोरगा गुडघ्यावर बसून म्हणाला.

"नाव लिवलंय का तुमचं त्याच्यावर?"

"नाव नसलं तरी वास आमच्या रानाचा हाय. माणातलं लिंबू. पाणी कमी, म्हणून जोर जास्ती."

"एवढी लिंबं कशाला? लोणचं घालणार?"

"महाबळेश्वरला नेतो. हाटेलात... बार बघतो मी." शेवटचं जरा हळूच म्हणाला.

"म्हंजी दारू देता."

"तुमी काय करता?"

"औषिद देते."

"मंग झालं की. मी बी मापूनच देतो."

अपेक्षाला हसू आलं. पदर नव्हता तर ओढणी तोंडावर धरली. "आमच्या औषधानं माणूस बरं व्हतं. तुमच्यानं?"

"बरं न्हाई व्हत," त्यो इचार करून म्हणाला, "पण मनातलं बोलायला लागतं."

सातारा आलं. लिंबू तिनं माघारी दिलंच न्हाई.

पोराचं नाव अमृत. पंधरा दिसांला घरी जायाचा, लिंबं घेऊन माघारी यायचा. आन् पंधरा दिसांला अपेक्षाच्या शेजारची जागा कशी काय ती मोकळीच ऱ्हायाची! मधल्या दिसांत मोबाईल. वर महाबळेश्वरला पावसानं चार-चार दिस डोंगर दिसायचा न्हाई, गिऱ्हाईक नसायचं. तवा ह्याचा निरोप यायचा, "लिंबं संपली." निस्तं एवढंच. त्याचा अर्थ तिला बरूबर कळायचा. ती लिवायची, "मंग या की खाली."

आसं वरीस गेलं. आन् घरात इषय निघाला इटं गावच्या स्थळाचा. पोराचं कोईमतुरला सोनं गाळायचं दुकान, घर तालेवार. ऐतवारी बघायला येणार. अपेक्षानं धीर केला आन् बाला अमृतचं सांगून टाकलं.

तिचा बा म्हंजी नानासो, गाव त्याला सुभेदार म्हणायचं. मिलटरीतनं आलेला, मिशीला पीळ, बारा एकर ऊस. पारावर बसला की सरहद्दीशिवाय बोलायचा न्हाई. बरफात कसा उभा ऱ्हायलो, गोळी कानाजवळनं कशी गेली... पोरं तोंड उघडी टाकून ऐकायची. त्यो म्हणाला,

"दारू वाढणारा? हातात ट्रे धरून लोकांम्होरं वाकणारा? त्यो माझा जावई?"

मेंढरांमागं फिरलेलं घर हाय अमृतचं, ते बी त्याच्या मनात व्हतंच. पण बोलला ट्रेचंच.

"आप्पा, एकदा बघा तरी त्याला," अपेक्षा म्हणाली. "मंग तुमी सांगाल तिथं उभी ऱ्हाईन. आगदी इट्याच्या म्होरंबी."

नानासोनं मिशीला पीळ दिला. मंग म्हणाला, "शनवारी बोलीव. त्याची कला मला दावू दे. माझ्या घरात, माझ्या घरात हाय तेवढ्यावर. दुसरा घोट घ्यावासा वाटला तर बोलू. न्हाई वाटला तर लिंबं घिऊन गाडी धरायची."

आता बघा, नानासोची बायको बनाबाई माळकरी. बाटली घरात यायची, पण ती सोप्यातल्या लोखंडी ट्रंकेत. चुलीकडं न्यायची न्हाई. नानासोबी रोज तिन्हीसांजंला एकच घ्यायचा, मापून. बनाबाई नवऱ्याला कायबी म्हणाली न्हाई, लेकीलाबी न्हाई. शनवारी उठली आन् पुरण घातलं. पयल्यांदा येणाऱ्या पावण्याला आमच्यात पुरण करत्यात. तिचं म्हणणं तिनं आसं सांगितलं.

अमृत आला. पांढरा सदरा, डोस्क्याला तेल. नानासोनं ट्रंक उघडून बाटली म्होरं ठिवली, मिलटरी कॅन्टीनची.

"कर."

"काय काय मिळंल घरात?"

"घर हाय हे. हाटेल न्हवं."

मापाला काय न्हाई. अपेक्षानं पर्समधनं खोकल्याच्या औषधाची मापाची टोपी काढली. हलवायला कडीचा डबा दिला, घट्ट झाकणाचा. अमृतनं लिंबू हातानं दाबून पाटावर फिरवलं, कापलं, बिया काढल्या. साखरंचा पाक अपेक्षानंच करून गार करून ठिवला व्हता. सोप्यात लिंबाचा वास पसरला... नानासोनं तोंड फिरीवलं. पण नाक कुठं फिरवता येतंय?

"आता एक अंडं," अमृत बोलून गेला. "निस्तं पांढरं. वर फेस यायला."

आतनं बनाबाईनं भांडं आपटल्याचा आवाज आला. "अंडं? माझ्या घरात?"

अमृतचं त्वांड उतरलं. "त्याबिगर ते व्हत न्हाई. निस्तं आंबट पाणी लागंल."

नानासो मिशीत हसला. "मंग गाडी कितीची हाय तुमची?"

अपेक्षा दारात उभी. डोळ्यांत पाणी आलं, आन् त्या पाण्यातनं तिला चूल दिसली. चुलीवर पुरणाची डाळ शिजत व्हती. उतू जात व्हती. भगुण्याच्या काठावर पांढरा, जाड, साबणावानी फेस... ती पळाली. डाळ निथळून काढलेलं पाणी, ज्याची आमी आमटी करतो ती येळवणी, फोडणी न्हाई, मीठ न्हाई, आशी दाट-दाट वाटीभर घेतली, फ्रीजमधल्या बरफावर ठिवून गार केली आन् अमृतम्होरं धरली.

"हिच्यावर बघा."

"येळवणी?"

"फेस धरती. दर सणाला चूल इझवती ती आमची."

अमृतनं तिच्याकडं बघितलं. आसं बघितलं, की मी खिडकीपलीकडं उभी व्हते तर मीच लाजले. मंग त्यानं दोन मापं बाटलीतलं, एक लिंबाचं, त्याच्यापरास कमी पाक, एक माप येळवणी घातली. हाटेलात शंभर लोकांम्होरं न चुकणारा गडी, पण हितं सासरा म्होरं बसल्याला! घाईत बरफाचे चार खडे टाकले, झाकण लावलं, हलवायला लागला.

"आरं गाढवा, बरफ काढ!" नानासो खेकसला. "आधी कोरडं हलवायचं! फेस धरला की मंग बरफ! कुणी शिकीवलं तुला?"

अमृतनं हलवता हलवता डबा थांबीवला.

"आप्पा," अपेक्षा हळूच म्हणाली, "तुमास्नी कसं ठावं?"

नानासोची मिशी खाली आली. त्यानं डब्याकडं बघितलं, मंग आपल्या हातांकडं.

"सोळा वरसं," त्यो म्हणाला, "मेसमंदी व्हतो मी. सायबांच्या. सरहद्दीवर गेलो, ते बी मेसच्या गाडीतनं, चमचे मोजत. पांढरे हातमोजे घालून सांजच्याला हेच करायचो. शंभर-शंभर गिलास. सायब म्हणायचे, नानासो, तुझ्यावानी कुणाला जमत न्हाई." त्यानं मापाची टोपी उचलून परत ठिवली. "गावात सांगायची लाज वाटली. समद्यांची पोरं बंदुका घिऊन उभी, आन् माझ्या हातात ट्रे. तुज्या आयेलाबी कवा सांगितलं न्हाई."

"मला ठावं व्हतं," बनाबाई आतनं म्हणाली. पीठ लागलेले हात घिऊन ती उंबऱ्यात आली. "लगीन झाल्यावर पयल्या सुटीला आलात, तवा माझ्या आयेला पाण्याच्या पेल्यांचं ताट दिलंत. तीन बोटांवर. एक थेंब सांडला न्हाई. बंदूकवाल्याला आसं येतंय व्हय?"

"मंग बोलली का न्हाईस इतकी वरसं?"

"लय ऐटीत धरलं व्हतं तुमी ताट. मला त्योच माणूस आवडला व्हता."

नानासोनं डोळं पुसलं, ते बी रागानं पुसल्यागत. अमृतच्या हातनं डबा घेतला, ओतून दिला, परत समदं मापलं. बरफ न घालता डबा कानाशी धरून हलवला... साठीतला माणूस, पण हात पंचविशीचा! मंग बरफ, परत हलवलं, आन् गाळणीनं दोन काचेच्या गिलासांत ओतलं. वर बोटभर फेस, दह्याच्या सायीवानी. गिलास ताटात ठिवले. ताट तीन बोटांवर. कंबरंत वाकला आन् त्यानं अमृतम्होरं धरलं.

"घ्या सायब."

"आवं मामा... मी कसा..."

"आज मी वाढतो. घे."

दोघांनी घोट घेतला. नानासोच्या मिशीला पांढरा फेस लागला. अपेक्षा दारातनं बघत व्हती. त्यानं गिलास खाली ठिवला. बाटलीकडं बघितलं, लेकीकडं बघितलं.

मंग गिलास परत उचलला.

"तुज्या बाला फोन लाव," दुसरा घोट गिळून त्यो म्हणाला. "काय नाव त्यांचं?"

"बिरदेव."

"बिरदेवास्नी सांग, उद्या ऐतवारी मी येतोय. खुर्ची नगं म्हणावं, घोंगडं अंथरा. आन् इट्याच्या लोकांस्नी मी कळवतो."

अमृत परसात हात धुवायला गेला. अपेक्षा पाणी घालाय गेली. तांब्या तिच्या हातात, ओंजळ त्याची, आन् पाणी पडतंय भलतीकडंच.

"एकच घोट प्यालोय," त्यो म्हणाला. "पण मनातलं बोलू का?"

"आधी हात धुवा."

"तुमी घरी आलात... तर मला लिंबं न्यायला एकटं यावं लागणार न्हाई."

"मी लिंबं उचलायला येणार न्हाई हां. सांडली तर तुमची तुमी गोळा करायची."

"मंग सांडतो कशाला?"

ती हसली. तांब्यातलं पाणी संपलं व्हतं, तरी दोघं तशीच उभी.

लगीन झालं. अमृत आजूनबी पंधरा दिसांला लिंबं घिऊन येतो, त्याच कापडी पिशवीतनं. परवा माझ्या ओट्यावर ठिवली व्हती त्यानं. मी चष्मा लावून उलटीपालटी करून बघितली. कुठं टाका न्हाई, कुठं ठिगाळ न्हाई. नाडीबी धड. मी अपेक्षाकडं बघितलं, तर पोरगी लालभडक!

"आज्जे," कानात म्हणाली, "तीन खेपा बघत व्हते त्याला. त्यो तोंडच उघडंना. मंग काय करणार? सोडली नाडी."

तवा यमाई आये, माफ कर. पिशवी फाटली, एवढं एक खोटं. पोरीनं आधी सांगितलं तसं सांगितलं, नाडी कुणी सोडली ते जावयाला आजून ठावं न्हाई. बाकी समदं खरं हाय.