डोणीपाशी सांगितलेली उत्तरं

नेलिदानं वही टेबलावर ठेवली ती वडिलांच्या रिकाम्या खुर्चीसमोर. एर्मेलिंदा चुलीपाशीच उभी होती, पण तिच्याकडे न बघता पोरीनं विचारलं, "बाबा भट्टीवरून कधी येणार?"

"येतील इतक्यात. तू जेवून घे. भोपळ्याचं कालवण केलंय."

"थांबते मी, दोन्या एर्मेलिंदा."

दोन्या...! शेजारणीला 'बाई' म्हणून हाक मारावी तशी ती हाक. या घरात येऊन पाच वर्षं झाली होती, तरी ती ऐकली की एर्मेलिंदाच्या काळजावर बारीकसा चरा उमटल्यावाचून राहत नसे. आई गेली तेव्हा नेलिदा नऊ वर्षांची होती. वर्षभरानं तिच्या वडिलांनी, तिबुर्सियोनं, एर्मेलिंदाला घरी आणलं, आणि पहिल्याच आठवड्यात तिनं मोठ्या हौसेनं पोरीला धार काढायला शिकवायला घेतलं, तेव्हा पोर अगदी शांतपणे म्हणाली होती, "मला तुमच्याकडून काही शिकायचं नाही." लहान मुलाचं बोलणं म्हणून दुसरी कुणी ते विसरून गेली असती. एर्मेलिंदानं ते पाळलं.

नेलिदाची शाळा आठ कोसांवर, मिस्तोलच्या झाडांत होती. आसपासच्या कुटुंबांनीच मिळून चालवलेली ती छोटीशी शाळा, सगळी मिळून पस्तीस मुलं. पंधरा दिवस मुलांनी तिथंच राहायचं, पुढचे पंधरा दिवस घरी. आणि घरी निघताना प्रत्येकाच्या वहीत प्रश्न लिहून दिलेले असत. तुमच्या घरी वाऱ्यावरून पाऊस कसा ओळखतात? चीज नासू नये म्हणून काय करतात? पुस्तकातलं उत्तर चालत नसे. ते घरच्या माणसाच्या तोंडचंच हवं, खाली त्या माणसाचं नाव आणि नातं हवं, आणि परतल्यावर ते भर वर्गात वाचायचं. पोरीला तिथं घालायचं निघालं तेव्हा तिबुर्सियो म्हणाला होता, "मग चाळीस शेळ्या कोण राखणार?" "मी राखीन," एवढंच एर्मेलिंदा म्हणाली. ते नेलिदाला कुणी सांगितलं नाही.

कोळशाच्या भट्टीवरून काळाकुट्ट होऊन आलेला तिबुर्सियो अंगणाबाहेर पाण्याच्या डोणीपाशी हात धूत असे. एर्मेलिंदा साबण घेऊन तिकडं गेली. वहीतला प्रश्न तिनं जाता जाता वाचून घेतला होता.

"आज काय?" त्यानं हळूच विचारलं.

"पोरकं करडू दुसऱ्या शेळीला कसं लावायचं."

"हात्तिच्या! दावणीला बांधायचं दोघांना."

"बांधून पान्हा फुटत असता तर काय हवं होतं! नीट ऐक. जिचं करडू गेलंय अशी शेळी बघायची. तिचंच दूध पोरक्याच्या पाठीवर चोळायचं, वर थोडं मीठ. मिठासाठी चाटते, चाटता चाटता तिला तो वास आपला वाटायला लागतो."

"अगं, तूच का नाही सांगत तिला? मला शेळी दिसली की आधी शिंगं दिसतात."

"तिला माझ्याकडून नकोय. उत्तर मिळाल्याशी कारण."

दोन वर्षं हे असंच चाललं होतं. ओल्या हातांनी तिबुर्सियो आत जाई, ऐकलेलं सांगे, आणि नेलिदा मान खाली घालून लिहीत जाई. उत्तराखाली नाव त्याचं. आजही तसंच झालं. पण लिहून झाल्यावर नेलिदानं वहीचं शेवटचं पान उलटलं, आणि एर्मेलिंदानं कधी पाहिलं नव्हतं असं हसू तिच्या चेहऱ्यावर पसरलं.

"बाबा, ओल्मेदो सरांनी तुम्हाला बोलावलंय. कुटुंबांच्या शनिवारी वर्गाला धडा तुम्ही द्यायचा, शेळ्यांवर. सगळे म्हणतात, तुझ्या बाबांसारखी उत्तरं कुणाचीच नसतात."

तिबुर्सियोनं चमचा खाली ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. एर्मेलिंदा भांडी घासत राहिली. ते हसू आपल्यामुळे आहे, आणि आपल्यासाठी नाही... यातलं सुख कुठं संपतं नि दुःख कुठं सुरू होतं, ते तिला कळेना.

पुढचे तीन आठवडे डोणीपाशी पाठांतर चाललं. "दूध, मीठ, मग चाटणं," तिबुर्सियो जपमाळ ओढल्यासारखं म्हणे. "आणि कुणी वेगळं विचारलं तर?"

"तर खोक."

शनिवारी शाळेच्या अंगणात एर्मेलिंदा बायकांबरोबर सावलीत बटाटे सोलायला बसली. त्या दिवशी जेवण पाहुण्या कुटुंबांनीच रांधायचं, हा तिथला रिवाज. थोड्या वेळानं कुंपणाकडून हसण्याचा आवाज आला, म्हणून हात पुसत ती उठली.

ओल्मेदो सरांनी खरीच शेळी आणून उभी केली होती. तिचं करडू आदल्या दिवशी मेलं होतं, आणि दुसरं एक, आई गेलेलं, तिबुर्सियोच्या हातात लाकडाच्या ओंडक्यासारखं आडवं लोंबत होतं. शेळीनं तिबुर्सियोला एकदा ढुशी दिलेली दिसत होती. विजारीला माती लागली होती.

"काका, ती भट्टी नव्हे, शेळी आहे!" कुणीतरी पोरगं म्हणालं.

नेलिदा वही छातीशी धरून उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या वहीत खोटं लिहिणं म्हणजे काय, हे तिथल्या लहानात लहान मुलालाही ठाऊक होतं.

एर्मेलिंदा पुढं झाली. "यांचा हात भट्टीवर भाजलाय, सर. हे सांगतील तसं मी करते."

तिनं करडू घेतलं, शेळीला गुडघ्यानं कोपऱ्यात अलगद दाबलं, तळहातावर थोडं दूध काढून पोरक्याच्या पाठीवर चोळलं, मीठ लावलं. "दूध... मीठ... मग चाटणं," तिबुर्सियो म्हणत होता, पण तिचे हात त्याच्या शब्दांच्या पुढं चालले होते. शेळीनं हुंगलं, आणि चाटू लागली. पण करडू सडाकडे तोंड नेईना. मान फिरवून ते दुसरीकडेच बघत राहिलं.

"आणि पिल्लूच घेईना, तर काय करायचं?" मागून एका मुलीनं विचारलं.

तिबुर्सियो खोकला. पुन्हा खोकला. मग टोपी काढून म्हणाला, "माझा हात भाजलेला नाही. मला यातलं काही येत नाही. आजवरची सगळी उत्तरं हिची आहेत. मी फक्त डोणीपासून टेबलापर्यंत आणून पोचवली. हिलाच विचारा."

एर्मेलिंदाला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. नेलिदाकडे बघायची हिंमत होईना, म्हणून करडाकडे बघतच ती बोलली.

"घेईना, तर ओढायचं नाही. बोट दुधात बुडवून त्याच्या तोंडापाशी धरायचं, आणि आपण दुसरीकडे बघायचं. रागवायचं नाही. त्याची आई गेलीय, त्याचं काही चुकत नाही. रोज तिथंच उभं राहायचं, बस."

मान वर केली तेव्हा नेलिदा तिथं नव्हती.

जेवताना ती दुसऱ्या टोकाला बसली. परतीच्या वाटेवर तिबुर्सियो म्हणाला, "मी चुकलो का गं?" एर्मेलिंदा म्हणाली, "ठाऊक नाही." त्यापुढचा आठवडाभर ती शेळ्यांमागे हिंडत होती, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. पोर आता घरी येईल की आत्याकडं जाईल, एवढाच एक विचार डोक्यात होता.

पोर आली. दारात पिशवी टाकली, वही टेबलावर ठेवली. भट्टीवरून तिबुर्सियो येताना दिसला, तसा एर्मेलिंदानं सवयीनं साबण उचलला.

"कुठं चाललीस?" नेलिदा म्हणाली. "बस इथं."

एर्मेलिंदा साबण हातात धरूनच बसली. वही तिच्यासमोर होती. उत्तराची जागा कोरी, पण खाली नाव आधीच लिहिलेलं, एर्मेलिंदा. नात्याची जागाही कोरीच होती. तिची नजर तिथं थबकलेली नेलिदानं पाहिली.

"ते मी मागाहून भरीन," ती हळू आवाजात म्हणाली. मग तिनं विचारलं, "ते करडू रोज पितं आता. तुला ठाऊक होतं, ते पिईल म्हणून?"

"नव्हतं," एर्मेलिंदा म्हणाली. समोरची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलू लागली होती.

बाहेरून तिबुर्सियोची हाक आली. "अगं, साबण? आणि आज प्रश्न काय आहे?"

"तुमचं काम नाही, बाबा," नेलिदानं पेन्सिल उचलत सांगितलं. "हात धुवा आणि जेवायला या."