गालिच्याचा डावा चौकोन

हरणाबाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं, तशी शिवानंदने मान खिडकीकडे वळवली. खाली हायवेवर हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती.

"दादा, तोंड फिरवू नको. बघ," राजेश्वरी म्हणाली.

शिवानंदने पाहिलं. दोन्ही गुडघ्यांवरची कातडी लालभडक होऊन सोलली होती. तळहातांचीही तीच गत. पन्नाशीच्या या बाईला खुर्चीवर बसतानासुद्धा पाय वाकवता येत नव्हते.

"आन् वरनं म्हनत्यात, तूच अ‍ॅसिड घातलंस," हरणाबाई म्हणाल्या. "ईस वर्सं त्या कार्यालयाची फरशी पुसली म्या. अ‍ॅसिड कुठं घालायचं आन् कुठं न्हाय, मला कळत न्हाय व्हय?"

उमरग्यात टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत राजेश्वरी खासगी तपासाचं काम करायची. आधी सहा वर्षं तिने विमा कंपनीसाठी अपघातांची चौकशी केली होती. शिवानंद तिचा मावसभाऊ. आयुष्यभर ट्रक चालवला, आता तिची गाडी चालवायचा. डोकं संथ, राग मात्र वेगवान.

हरणाबाई सांगत होत्या ते असं. हायवेलगतच्या मंगल कार्यालयाचे मालक गुरुसिद्धप्पा यांना गालिचे आणि फरशी धुणारं मशिन घ्यायचं होतं. एका टाकीतलं साबणाचं गरम पाणी फवारायचं, लगेच मळासकट ओढून दुसऱ्या टाकीत घ्यायचं, असं ते मशिन. दोन मशिनं पंधरा दिवस वापरून बघायला आणली होती. एक मोठं, जड. मॅनेजर विरेशला ते पसंत होतं. दुसरं छोटं, हातात उचलून नेण्याजोगं. कंपनीने ते पार्सलने पाठवलं होतं. सोमवारी त्यातलं एक नक्की करायचं होतं.

"मालक म्हनले, हरणाबाई, चालवनार तू, तर निवड बी तूच कर. म्या म्हनलं, ल्हानच घ्या. वरच्या गॅलरीला चोवीस पायऱ्या हायत. ते धूड कोन उचलनार? आन् ल्हान्याचा दाब कमी-जास्त व्हतो. गालिच्याला कमी, फरशीला जास्त."

"मग सोमवारी काय झालं?"

"चौघांम्होरं दोन्ही चालवून दावायची व्हती. गालिच्यावर खडूनं दोन चौकोन आखलेले. उजवा मोठ्याला, डावा ल्हान्याला. म्या आधी उजवा झाडला. डावा झाडाया गेले, तर विरेशनं हातातनं झाडू हिसकला. म्हनला, आता मॅडम झालीस, झाडू कशाला धरतीस?"

शिवानंदच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली.

"मंग ल्हानं मशिन आधी जेवनाच्या हॉलातल्या शाहाबादी फरशीवर चालवलं. झ्याक निघाली फरशी. मंग गालिच्यावर. गुडघ्यावर बसून कडा घासत घासत म्होरं सरकत व्हते. अर्धा चौकोन झाला आन् मागं बघते तर लाल गालिचा पांढराफटक! हातापायाची आग आग. विरेश वरडला, हिनं टाकीत अ‍ॅसिड घातलं. कुनीतरी त्याचा व्हिडिओ काढला. आता सारा तालुका मला अ‍ॅसिडवाली बाई म्हनतो. एक घर कामाला उभं करीत न्हाय."

राजेश्वरी उठली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ओठ घट्ट मिटले होते. "गाडी काढ, दादा."

*

गुरुसिद्धप्पांनी सोमवारपासून हॉलला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या कमरेला ठेवली होती. साठीचा, पांढऱ्या टोपीतला माणूस. कुलूप काढताना तेही धुसफुसत होते.

"तपास कसला करताय, बाई? सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. ज्या बाईवर विश्वास टाकला, तिनंच नाक कापलं. पोलिसात देणार होतो, वय बघून सोडलं."

"तिचे गुडघे बघितले का तुम्ही?" शिवानंदने विचारलं.

"गालिचा बघितला," गुरुसिद्धप्पा म्हणाले.

मे महिन्याची दुपार. हॉल भट्टीसारखा तापला होता. राजेश्वरीने पंख्याच्या बटणाकडे हात नेला आणि मध्येच थांबवला. "सोमवारी पंखे चालू होते?"

"कुठले! विरेशनं बंद करायला लावले. मशिनला लोड पुरणार नाही म्हणाला. घामानं भिजून गेलो सगळे. आणि खरं म्हणजे मशिनं जनरेटरवर होती."

लाल गालिचा तसाच पसरलेला होता. लग्नांच्या अक्षता, हळद आणि धुळीने त्याच्यावर एक फिकट थर धरला होता. डावा चौकोन अर्धा पिवळट पांढरा, अर्धा लाल. राजेश्वरी जेवणाच्या हॉलात जाऊन आली. शाहाबादी फरशी काळसर, तुकतुकीत होती. मग तिने छोट्या मशिनच्या दोन्ही टाक्यांची झाकणं उघडून एकेक करून हुंगलं.

"दादा, तू पण वास घे."

साबणाच्या पाण्याच्या टाकीला लिंबासारखा वास होता. मळक्या पाण्याच्या टाकीत नाक घातलं आणि शिवानंदला ठसका लागला. "हा तर नळाच्या पाण्यात औषध टाकल्यावर येतो तसला वास!"

"इथं नळाचं पाणी आहे का?" तिने मालकांना विचारलं.

"छे. सगळं बोअरचं."

राजेश्वरीने झाकणं परत लावली. शिवानंदला त्यातून काहीच उलगडलं नाही आणि त्याचाच त्याला संताप आला.

विरेशला बोलावलं. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्याने स्वतःहून स्टोअर उघडून दाखवलं. फिनेल, अ‍ॅसिडचे कॅन, संडासासाठीचं ब्लिचिंगचं पोतं.

"यातलंच अ‍ॅसिड घातलं तिनं," तो कॅनवर बोट ठेवून म्हणाला. "अडाणी बाई. हिच्या हातात मशिन देऊ नका म्हणून मी आधीच सांगितलं होतं. दहा वर्षं हे कार्यालय मी चालवतोय, मॅडम. मशिन कोणतं घ्यायचं ते झाडूवाली ठरवणार?"

"चौकोन कोणी आखले?"

"मीच. सकाळी आठला. त्यात काय?"

"काही नाही," राजेश्वरी म्हणाली.

मोठ्या मशिनचा विक्रेता कृष्णराज सोलापूरचा. मशिनचा व्यवहार पक्का करायला तो आलाच होता. त्याला बघताच शिवानंदचा ताबा सुटला. त्याने सरळ त्याची कॉलर धरली. "तूच केलंस! तिचं मशिन बदनाम झालं की तुझं खपणार!"

"दादा, सोड त्याला."

कृष्णराजने शर्ट नीट केला. तोही चिडला होता. "मी दहाला इथं पोचलो. तोवर चौकोन आखून झाले होते, माझा तर झाडूनही ठेवला होता. त्यावरून मीच भांडलो. उजवा चौकोन झाडलेला आणि डाव्यावर सगळा कचरा. माझं मशिन मळ काढणार कुठून? विरेश म्हणाले, राहू द्या, काही होत नाही."

"लहान मशिनची टाकी तुम्ही बघितली होती?"

"त्याच्यावरून नजर काढली नाही मी. स्पर्धक म्हटल्यावर बघणारच की. बाईंनी एकदाच पाणी भरलं, फरशी धुतली आणि त्याच पाण्यावर गालिच्याला लागल्या. मध्ये झाकण उघडलं नाही. अ‍ॅसिड कसं गेलं, मला कोडंच आहे."

"तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

कृष्णराजने मान खाली घातली. "माझं मशिन विकलं जात होतं."

*

राजेश्वरीने सगळ्यांना गालिच्याभोवती उभं केलं. हरणाबाई दारातच थांबल्या होत्या. तिने त्यांना हाताला धरून आत आणलं आणि गुरुसिद्धप्पांच्या खुर्चीवर बसवलं. मालकांनी भुवई उंचावली.

"गुरुसिद्धप्पा, शाहाबादी फरशीवर अ‍ॅसिड पडलं तर काय होतं?"

"फेस येतो. फरशी पांढरी पडते. पोराटोरांनाही माहीत आहे."

"मग त्याच टाकीतल्या पाण्यानं तुमची फरशी काळीभोर राहिली कशी? टाकी मध्ये उघडली नाही, हे तर कृष्णराज सांगतात, आणि त्यात त्यांचा तोटा आहे. म्हणजे टाकीत अ‍ॅसिड नव्हतंच. साबणाच्या टाकीला साबणाचाच वास आहे. उग्र वास येतोय तो मळक्या पाण्याच्या टाकीला. तिथं काय जमा होतं? गालिच्यातून ओढून घेतलेलं. मशिननं गालिच्यात काही घातलं नाही. गालिच्यात होतं, ते मशिननं बाहेर काढलं."

"शब्दांचे खेळ," विरेश म्हणाला.

"ठीक. शब्द नकोत." तिने पाण्याचा तांब्या उचलला. "हे बोअरचं पाणी. मी पिऊन दाखवते." ती दोन घोट प्यायली. मग डाव्या चौकोनाच्या लाल राहिलेल्या भागावर थोडं ओतलं आणि उरलेलं उजव्या चौकोनावर.

सगळे वाकून बघत राहिले. एक मिनिट गेलं. गालिचा ओला झाला, एवढंच. विरेश हसला. शिवानंदला वाटलं, आता याच्या थोबाडीत ठेवून द्यावी आणि मोकळं व्हावं.

मग नळाच्या औषधाचा तो वास वर आला. ओल्या जागेची कड आधी गुलाबी झाली, मग पिवळट. थोड्या वेळाने लाल रंग पार उतरला. उजवा चौकोन होता तसाच लाल होता.

"ब्लिचिंग पावडर," राजेश्वरी म्हणाली. "कोरडी असते तोवर गप्प असते. कुणीतरी ती डाव्या चौकोनात चोळून ठेवली. अक्षता आणि धुळीत ती कुणाला दिसणार? गरम पाणी पडलं की काम सुरू. कोणतंही मशिन तिथं फिरलं असतं तरी हेच झालं असतं. आणि ही बाई त्या भिजलेल्या पावडरीवर गुडघे टेकून घासत होती, म्हणून भाजले ते गुडघे आणि तळवे."

"पण कुणी?" गुरुसिद्धप्पांचा आवाज बारीक झाला होता.

"चौकोन आखून, कोणतं मशिन कुठं हे ठरवणाऱ्यानं. पावडर उडू नये आणि वास पसरू नये, म्हणून भर उन्हाळ्यात पंखे बंद करायला लावणाऱ्यानं. कारण लोडचं सांगितलं, मशिनं मात्र जनरेटरवर होती. आणि हरणाबाई डावा चौकोन झाडायला लागल्या, तेव्हा त्यांच्या हातातला झाडू हिसकणाऱ्यानं. मला ते ऐकून आधी नुसता अपमान वाटला होता. पण उजवा झाडू दिला आणि डावा नाही, असं का? झाडला असता तर पावडर केरात गेली असती. बोल विरेश, का नाही झाडू दिलास?"

विरेशने मालकांकडे पाहिलं, मग हरणाबाईंकडे. खुर्चीवर बसलेल्या हरणाबाईंना बघून त्याचा चेहरा वेडावाकडा झाला.

"दहा वर्षं!" तो ओरडला. "दहा वर्षं मी इथं राबलो. गावाला सांगून बसलो होतो की मोठं मशिन येतंय. आणि मालक चौघांत म्हणतात, हरणाबाई ठरवेल! हिनं मला पायऱ्या मोजून दाखवल्या. मला! एक गालिचा गेला असता, हिची जागा हिला कळली असती. एवढंच करायचं होतं मला."

"आणि गुडघे?" शिवानंदने विचारलं.

विरेशने गोंधळून हरणाबाईंच्या पायांकडे पाहिलं. त्याने तो विचारच केला नव्हता, हे शिवानंदला दिसलं आणि त्याच्या रागाला आता जागाच पुरेना.

गुरुसिद्धप्पांनी टोपी काढली. "हरणाबाई, माझी चूक झाली. याला आत्ताच काढतो. तू उद्यापासून ये. तू म्हणशील तेच मशिन घेतो. फक्त हे आपसात मिटवू. लग्नसराई आहे, कार्यालयाचं नाव जाईल."

हरणाबाई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन हळूहळू उभ्या राहिल्या.

"मशिन ल्हानंच घ्या, अप्पा. चांगलं हाय त्ये. पर तुमच्या कार्यालयात म्या पाऊल टाकनार न्हाय. मला चोर ठरवताना चौघं लागले तुमाला. आन् आता आपसात?"

त्या दाराकडे निघाल्या. एकेक पाऊल दुखत होतं, पण त्यांनी राजेश्वरीचा हात घेतला नाही.

शिवानंदने गाडी पोलीस स्टेशनच्या पायरीला लावली. कृष्णराज साक्ष द्यायला स्वतःच्या गाडीतून मागे आला होता. आत हवालदाराने कागद पुढे ओढला, नाव विचारलं, वय विचारलं. मग हरणाबाईंच्या लुगड्याकडे आणि अनवाणी पायांकडे बघत न विचारताच लिहायला लागला, "धंदा, झाडूकाम..."

"थांबा," हरणाबाई म्हणाल्या. "खोडा त्ये. मशिन चालवते म्हनून लिवा."