मंगळवारची तक्रार

आईची ठेवणीतली पांढरी चादर मी आमच्या दुकानासमोर रस्त्याच्या कडेला अंथरली होती. तिच्यावर ट्रकचे सात पाटे ओळीने मांडून, पोटावर पालथी पडून, मी त्यांचा फोटो काढत होते. एवढ्यात ऊन गेलं. ढग आला असेल म्हणून थांबले, पण ढग काही हलेना. मान वर केली तर एक छोटा ट्रक उभा! आणि त्याच्या खिडकीतून कुणीतरी वाकून पाहत होतं.

"पूजा करून राहिल्या का?" त्याने विचारलं.

"फोटो काढून राहिली. तुमच्या गाडीनं उजेड अडवला. जरा मागं घ्या."

"कोणाचा फोटो?"

"पाट्यांचा."

तो खाली उतरला. पाट्यांकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग त्यांले जरा हसाले सांगा ना."

मला हसू आलं, पण पहिल्याच भेटीत ते दाखवायला मी काही तयार नव्हते.

आता हे पाटे काय, ते सांगायला हवं. गाडीच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या असतात, ते पाटे. त्यांची कमान नीट असली की गाडी खड्ड्यात आपटत नाही. माझे बाबा, शालिकराम मिस्त्री, पांढुर्ण्यात बत्तीस वर्षं हेच काम करतात. गाडीत काय माल जातो ते विचारायचं आणि त्या मालाला सोसेल अशी कमान वळवायची, ही त्यांची खासियत. अंड्यांची गाडी वेगळी, कापसाची वेगळी. बी.कॉम. करून मी घरी बसले होते, तेव्हा मनात आलं की हे बाहेरच्या लोकांना कळायला पाहिजे. म्हणून वेबसाईट काढली. पाटे, बोल्ट, शॉकअप, रबरं, सगळं एका गाडीसाठी जमवलेलं. मी त्याला किट म्हणते. बाबा त्याला सामान म्हणतात.

"आमची पण गाडी लय आपटते," तो म्हणाला. "बोरगावले नर्सरी हाये आमची. संत्र्याची कलमं नेतो. पोचेपर्यंत मुळाची माती फुटून जाते. माती फुटली का कलम गेलं."

"फॉर्म भरा."

"समोर उभा हाओ ना मी! फॉर्म कायले?"

"आमच्या इथं फॉर्मशिवाय काम होत नाही," मी रुबाबात म्हटलं. तोवर आमच्याकडे एकच फॉर्म आला होता, आणि तो माझ्या मावसभावाने गंमत म्हणून भरला होता.

त्याने तिथेच मोबाईलवर फॉर्म उघडला. नाव – प्रफुल्ल. गाडी कोणती – समोर उभी आहे ती. माल कोणता – कलमं. रस्ता कसा – एकदा येऊन पाहा.

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी 'भाऊ' म्हणते. ती सवयच आहे. त्या दिवशी दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्हीदा ते 'भाऊ' काही बाहेर पडलं नाही...

बाबांनी आठ दिवसांत किट तयार केलं. एक पाटा बारीक घेतला, भट्टीत लाल करून त्याला थोडा जास्त बाक दिला. गाडीवर चढवून स्वतः मागे उभे राहून हिसके दिले, आणि मान हलवली. बाबांनी मान हलवली म्हणजे काम झालं.

पुढच्या मंगळवारी प्रफुल्ल परत आला.

"काका, थोडं डोलते."

बाबांच्या कपाळाला आठी पडली. वेबसाईटवर खाली लाल अक्षरांत मी एक ओळ टाकली होती – 'तुमचं समाधान होईपर्यंत कितीही वेळा या, मजुरी घेणार नाही.' तेव्हा बाबा माझ्यावर चिडले होते. "हे काहून लिहिलं? माह्या कामाले कोनी दुसऱ्यांदा येतच नाई." मी म्हटलं होतं, लोकांना भरवसा वाटतो बाबा, लिहायची पद्धतच असते.

तर त्या पद्धतीप्रमाणे बाबांनी पाटे खोलले, बोल्ट कसले, परत चढवले. दोन तास लागले. ते दोन तास प्रफुल्ल माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसला होता. बाहेर पाऊस लागला होता, पत्र्यावर इतका वाजत होता की बोलायचं तर जवळ वाकावं लागायचं. तो वाकला.

"तुमच्या गालाले ग्रीस लागलं हाये."

"कुठं?"

त्याने बोट केलं नाही. उठला, दारात उभ्या गाडीचा बाजूचा आरसा हळूच माझ्याकडे वळवून दिला. मी आरशात पाहून गाल पुसला. पुसून झाल्यावर आरशात पाहिलं तर तोही आरशातच पाहत होता. मी उगीच परत पुसलं.

संध्याकाळी वेबसाईटवर फॉर्म आला. गाडी – तीच. माल – तोच. रस्ता कसा – तुमच्या दुकानापर्यंत चांगला लागते, परत जाताना खराब.

मी उत्तर पाठवलं, 'परत जाताना हळू चालवा.'

लगेच आलं, 'हळूच चालवतो. तरी घर येऊनच जाते.'

त्या रात्री आई म्हणाली, एकटीच काय हसून राहिली व? मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे.

दुसऱ्या मंगळवारी पुन्हा तेच, 'थोडं डोलते.' तिसऱ्या मंगळवारी तो भरल्या गाडीने आला. तिगावला माल पोचवायचा होता. वेबसाईटसाठी फोटो हवाच होता, म्हणून मी गाडीच्या मागच्या फाळक्यावर पाय देऊन वर चढले, ताडपत्री बाजूला केली... आणि बघतच राहिले. दोनशेच्या वर कलमं होती. बोरगावहून इथवर तासाभराचा रस्ता, त्यातले ते खड्डे, आणि एकाही कलमाची माती सुटलेली नव्हती. गोळे जसेच्या तसे.

"सगळे धड आहेत," मी वरूनच म्हटलं.

"हो..."

"मंग तक्रार काय हाये?"

त्याने खाली पाहिलं. ताडपत्रीची दोरी सोडली, परत बांधली. कान लाल झाले होते.

"डावीकडून... जराशी किरकिर येते."

मला सगळं कळलं. अगदी लख्ख कळलं. तिथेच हसून सोडून द्यायला हवं होतं. पण मी वही उघडली आणि लिहिलं – डावीकडून किरकिर. कारण मला मंगळवार आवडायला लागला होता. सोमवारी केस धुवायला लागले होते मी!

चौथा मंगळवार झाला. पोळा झाला, पाचवा मंगळवारही झाला. माझं सगळं लक्ष दारात कधी हॉर्न वाजतो याच्याकडे असायचं. बाबांकडे मी पाहिलंच नाही, आणि ते मला आजही खुपतं.

पाचव्या मंगळवारी प्रफुल्ल गेल्यावर लोधीखेड्याहून फोन आला. अंड्यांचे व्यापारी होते, वेबसाईट पाहून त्यांनी फोन केला होता. तीन गाड्यांना किट पाहिजे होतं. मी उड्या मारतच भट्टीजवळ गेले. बाबा तिथे पाटा मांडीवर घेऊन बसले होते. भट्टी विझलेली. डबाही तसाच, उघडलेला नव्हता.

"बाबा, तीन गाड्या! लोधीखेड्याच्या!"

"नाई म्हनून सांग."

"काहून?"

"ते सामानाचं पान काढून टाक वेबसाईटवरून. आता आपन फक्त तुटलेले पाटे बदलून देऊ." त्यांनी पाट्यावरून अंगठा फिरवला. "पाच वेळा खोलून पाहिली त्या पोराची गाडी. काय चुकून राहिलं मले समजतच नाई. हात गेला माहा, उर्वशी. लोकायची अंडी फोडाची काय आता?"

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. बत्तीस वर्षं ज्या हाताच्या भरवशावर घर चाललं, त्या हाताकडे ते परक्यासारखे पाहत होते. आणि हे मी केलं होतं. मी आणि माझ्या मंगळवारांनी.

मी बाहेर येऊन फोन लावला. "कुठी हाये तुमी?"

"स्टेशनजवळ. तिगावले निघालो. काय झालं?"

"परत या. आत्ता."

"आत्ता? पण आताच तं..."

"प्रफुल्ल, बाबा काम बंद करून राहिले. तुमच्या किरकिरीपायी."

दहा मिनिटांत गाडी दारात होती. तो उतरला तो सरळ भट्टीकडेच गेला, मी त्याच्या मागे.

"काका," तो उभ्याउभ्याच म्हणाला, "गाडी पयल्याच दिवशी बरोबर झाली होती. काहीच तकलीफ नव्हती. डोलत नव्हती, वाजत नव्हती. मी खोटं बोललो."

बाबांनी मान वर केली. "काहून?"

मला वाटलं आता बोलेल, मग वाटलं पळून जाईल. त्याने एकदा श्वास घेतला. "उर्वशीसाठी यावं वाटे."

पाटा मांडीवरून खाली पडला, केवढ्याने तरी वाजला. बाबांचा चेहरा भट्टी पेटल्यासारखा झाला. "म्हनून पाच वेळा माह्या हातानं खोलून घेतली? पाच वेळा? मी इथं..."

"त्यांना एकट्यांना बोलू नका बाबा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "मले मालूम होतं. तिसऱ्याच वेळी मी कलमं पाहिली होती. एकही फुटलं नव्हतं. तरी मी तक्रार लिहून घेतली."

"तू?"

"हो. मलेही वाटे, की यांनी यावं."

झालं. पाच आठवडे ज्याला सांगितलं नव्हतं ते बाबांसमोर सांगून बसले! प्रफुल्ल माझ्याकडे पाहत राहिला. मी मात्र बाबांच्या पायाशी पडलेल्या त्या पाट्याकडे पाहत होते.

बाबांनी खाली पडलेला पाटा उचलून बाजूला ठेवला. मग उठले, हात पुसले.

"माल हाये गाडीत?"

"हाये. चाळीस कलमं."

"चाबी दे."

बाबा कोणत्याही गिऱ्हाइकाला तुम्ही म्हणतात, कालच्या पोरालासुद्धा. आज सरळ 'दे'.

"तुमी दोघं मांगं बसा, कलमायजवळ," ते म्हणाले. "आता मले खोटं नाई पायजे. जिथं झटका लागन तिथं पत्र्यावर हात मारा."

आणि बाबांनी गाडी सौंसरच्या रस्त्याला, म्हणजे बोरगावच्याच दिशेला लावली. एकही खड्डा सोडला नाही त्यांनी. बाजूने जाता येत असतानाही मुद्दाम आत घालत होते. गाडी वाकायची, झुलायची, आणि हळूच परत जागेवर यायची. कलमांची पानं नुसती हलत होती. ओल्या मातीचा आणि संत्र्याच्या पानांचा वास येत होता. आम्ही समोरासमोर, गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो.

"उर्वशी..."

"काय?"

"मले तुमी आवडता. पयल्या दिवसापासून. पाट्यांपुढं पालथं पडून फोटो काढत होत्या ना, तेव्हापासून."

"मंग तेव्हाच नाही का सांगाचं?"

"फॉर्ममध्ये तशी जागा कुठी होती?"

मी हसले. डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदमच. "मलेही आवडता तुमी," मी म्हटलं. "पण बाबांना त्रास देऊन नाही. पुन्हा असं केलं ना, तर मी बोलणार नाही तुमच्याशी."

"नाही करणार."

"शपथ?"

"शपथ." एक मोठा खड्डा आला, गाडी खाली गेली, वर आली. त्याने तोल सावरायला हात टेकला तो माझ्या हाताशेजारी. मग तो हात तिथेच राहिला. पत्र्यावर कुणीही हात मारला नाही.

बोरगावच्या अलीकडे गाडी थांबली. बाबा मागे आले, फाळका पाडला. एक कलम उचललं, मातीचा गोळा अंगठ्याने दाबून पाहिला. ठेवलं. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. चाळीसच्या चाळीस पाहिली त्यांनी, आणि आम्ही चोरासारखे बाजूला उभे.

"एकही नाई फुटलं," ते म्हणाले. आमच्याशी नाही, स्वतःशीच. हाताकडे पाहिलं, मूठ मिटली, उघडली. "चांगला हाये हात."

"लय चांगला हाये काका," प्रफुल्ल म्हणाला.

"तू चूप." पण त्या चूपमध्ये मघाचा राग नव्हता. बाबा माझ्याकडे वळले. "लोधीखेड्याच्या मानसाले फोन लाव. हो म्हनून सांग. रस्ता कसा हाये ते बी विचार." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण भर रस्ता होता.

मग ते प्रफुल्लकडे वळले. त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"घरी कोन कोन हाये तुह्या?"

प्रफुल्लला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि तो सरळ उभा राहिला. "आई, बाबा... मोठा भाऊ, वहिनी."

"आता घरी असतीन?"

"अस... असतीन."

"मंग चाल. इथवर आलोच हाओत तं पाहून घेऊ घर."

"बाबा! असं?" माझी ओढणी ग्रीसने माखलेली, केस वाऱ्याने उभे, हात कोपरापर्यंत मातीचे. "जरा तोंड तरी धुवू द्या मले!"

"राहू दे. आपल्या घरी काय काम होते ते त्यायले दिसू दे."

प्रफुल्ल मागे चढायला आला. बाबांनी त्याला बाहीला धरून थांबवलं. "तू समोर बस. रस्ता कोन दाखवीन?"

मी एकटीच चाळीस कलमांमध्ये बसले. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती, आणि इतका आनंदही. गाडी सुरू झाली तशी प्रफुल्लने मागच्या काचेतून वळून माझ्याकडे पाहिलं. बाबा त्याला काहीतरी बोलले असावेत, कारण त्याने झटकन मान पुढे वळवली आणि हाताने उजवीकडचा रस्ता दाखवला.