अर्ध्या मात्रेचं थांबणं

"डाव्या बुटाची टाच पुन्हा झिजली वाटतं?" ती म्हणाली, आणि लगेच तिने जीभ चावली.

बूटदुरुस्तीचं ते दुकान इतकं चिमुकलं होतं की बाकावर दोन माणसं बसली की तिसऱ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यावा. ती सँडलचा तुटलेला पट्टा शिवून घ्यायला आली होती. शेजारी एक गृहस्थ एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा, असा बसला होता. डावा बूट दुकानदाराच्या मांडीवर होता. काळा, उंच, चांदीच्या बकलांचा. तिने माणसाच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं. बूट दिसला आणि जुनं कुणी भेटावं तशी ती बोलून गेली.

"पुन्हा?" गृहस्थ म्हणाला. "पुन्हा की पहिल्यांदा, हे तुम्हाला हो काय ठाऊक?"

आता तिला वर पाहावं लागलं. वर म्हणजे चांगलंच वर. आणि ती गोंधळली. या पायांवर असा चेहरा असेल असं तिने गृहीत धरलं नव्हतं. तिने मिशा धरल्या होत्या.

"सात वर्षं बघतेय," ती पुटपुटली. "तुमचे पाय. म्हणजे... मी खड्ड्यात असते."

हे नीट सांगायला हवं, नाहीतर गैरसमज व्हायचा. त्या शहरात एक संगीत-नाट्यगृह होतं आणि तिथे सात वर्षं एकच नाटक चाललं होतं. रंगमंचाच्या पुढच्या कडेखाली वादकांचा खड्डा होता. त्यात ती ऑर्गन वाजवायची. रंगमंच खड्ड्यावर इतका पुढे आला होता की तिच्या खुर्चीवरून नटांचे फक्त पाय दिसायचे, तेही गुडघ्यापर्यंतच. राजाच्या पोटऱ्या, राजकन्येचे घोटे, आणि मधोमध युवराजाचे हे बूट. युवराज पहिल्यापासून एकच होता. अडतीस वर्षांचा झाला तरी पेपरवालासुद्धा त्याला युवराजच म्हणायचा. तो तिसऱ्या अंकातला लांब सूर लावायचा तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या म्हाताऱ्यांची कानातली यंत्रं त्याला साथ द्यायची, असं सांगतात. मी ऐकलेली नाहीत, पण न मानायला कारणही दिसत नाही.

एकाच छपराखाली सात वर्षं काम करून दोघं भेटली कशी नाहीत? अहो, एका घरात चाळीस वर्षं राहून न भेटलेली जोडपी असतात. ती खालच्या दाराने यायची आणि पडदा पडला की खालच्याच दाराने जायची.

"ऑर्गन तुम्ही वाजवता?" युवराज बाकावरून अर्धवट उठला. "मला वाटायचं कुणी टकले आजोबा आहेत!"

"मला वाटायचं तुम्हाला मिशा आहेत."

"वाढवू?"

"नको... राहू दे. आता पाहिलंय ते बरं आहे."

दुकानदार खिळे तोंडात धरून हसला, आणि हे सोपं काम नाही.

"पण टाच डावीच का झिजते?" युवराजाने विचारलं.

"लांब सुराच्या आधी तुम्ही ती उचलता. सूर लागला की धप्पकन टेकवता. मला त्यावरून कळतं."

"काय कळतं?"

"की... आता येणार," ती म्हणाली, आणि उगाचच सँडलच्या पट्ट्याकडे बघत बसली.

त्यानंतर तालमीच्या दिवशी दुपारी दोघं उपाहारगृहात चहा घ्यायला लागली. बाहेर बारीक पाऊस काचेवर बोटं फिरवल्यासारखा रेंगाळायचा. तो एका धोबीखान्याच्या वरच्या खोलीत एकटा राहायचा. इस्त्रीच्या वाफेने खोलीची फरशी कोमट असायची, आणि घरात तेवढीच एक ऊब, असं तो हसत सांगायचा. नाटकात दर प्रयोगाच्या शेवटी त्याचं राजकन्येशी लग्न लागायचं. बाराशे लग्नं झालेला ब्रह्मचारी होता तो. चार राजकन्या खरीखुरी लग्नं करून निघून गेल्या, त्यातल्या दोघींना आहेरही यानेच केला.

"आणि तुमचं?" त्याने एकदा विचारलं.

"माझं काय? समोरच्या खोलीत मावशी राहते. ती रोज विचारते, कुठे चाललीस. मी म्हणते, खड्ड्यात."

तो इतका हसला की चहा सांडला. ती टेबल पुसत राहिली, कोरडं झाल्यावरही. घरी तिच्याकडे दोन कप होते. दुसरा कप तिने कितीतरी वर्षांत विसळला होता तो फक्त धूळ बसली म्हणून.

मग सिनेमावाले आले.

त्याच नाटकाचा सिनेमा निघणार होता आणि युवराजाचं काम युवराजालाच मिळालं. सिनेमात आधी गाणं ध्वनिमुद्रित करतात, मग त्या गाण्यावर नट ओठ हलवतो. आणि इथे तर वाद्यांचा भागही आधीच मुद्रित करून ठेवला होता. गायकाने कानाला यंत्र लावून त्यावर नुसतं गायचं.

"तुम्ही चला ना बरोबर," तो म्हणाला. "वाजवायचं नाही. नुसतं बसा. तुम्ही जवळपास असलात की मला बरं वाटतं."

स्टुडिओत ती काचेच्या अलीकडे, हात मांडीवर ठेवून बसली. लाल दिवा लागला. दोन कडवी तो असा गायला की स्टुडिओतला तंत्रज्ञ सँडविच खायचं विसरला. तिसऱ्यात तो लांब सूर आला, आणि वाद्यं पुढे निघून गेली. युवराज मागे राहिला.

"पुन्हा घेऊ," संगीतकार म्हणाला. भला माणूस. इतका भला की वाईट बातमी द्यायच्या आधी तो उभा राहायचा.

पुन्हा तेच. चौदा वेळा तेच.

"यंत्र पळतंय तुमचं!" युवराज घामाघूम होऊन बाहेर आला. "नाट्यगृहात बाराशे वेळा गायलोय मी हे. एकदा चुकलो नाही!"

संगीतकार उभा राहिला. "आवाज अप्रतिम आहे तुमचा. आपण पुढच्या सोमवारी आणखी एकदा बघू. नाहीच जमलं तर... गायला दुसरे कुणी घेऊ. चेहरा तुमचाच राहील."

परतताना तो यंत्रालाच दोष देत राहिला. तिने विषय बदलला. कारण यंत्र पळत नव्हतं, हे एकट्या तिला ठाऊक होतं. त्या सुराआधी युवराज मोठा श्वास घ्यायचा आणि त्यात अर्धी मात्रा उशीर करायचा. अर्धी मात्रा म्हणजे चुटकी वाजायला लागतो त्याच्या निम्मा वेळ. टाच वर गेली की तिची बोटं आपोआप आधीचा सूर धरून ठेवायची, इतर वादक तिच्यामागे थांबायचे, आणि टाच टेकली की सगळे मिळून पुढे. सात वर्षं. त्याला पत्ता नव्हता. खरं तर त्या दिवसापर्यंत तिलाही नव्हता. काचेअलीकडे मांडीवर तिची बोटं चौदा वेळा थांबली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

"मग सांग की सरळ," मावशी मटार सोलता सोलता म्हणाली.

"काय सांगू? तुम्ही सात वर्षं तालाला चुकताय म्हणून?"

"हो. नाहीतर त्याच्या तोंडून भलताच कुणी गाईल. गाणाऱ्या माणसाला याहून वाईट काय असतं?"

"आणि त्याने सुधारलं तर?"

"तर बरंच आहे."

"मग..." तिने एक दाणा उचलला, परत ठेवला. "मग माझी त्याला काय गरज, मावशी?"

मावशीने शेंग खाली टाकली. "तू त्याला अर्ध्या मात्रेपुरतीच लागत असशील ना, तर तसला जावई मला नको. जा, सांग."

सांगायला तिचं तोंड उघडेना. तिने ते बोटांनी सांगितलं. मंगळवारच्या तालमीत टाच वर गेली, आणि ती थांबली नाही.

युवराज तोंड उघडं ठेवून उभा राहिला. वाद्यं निघून गेली. मग ते काळे बूट खाड खाड करत कडेशी आले, आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा रंगमंचावरचा त्याचा चेहरा दिसला. उलटा, खाली वाकलेला.

"तुम्ही पळालात!"

"नाही. आज पहिल्यांदाच... थांबले नाही."

त्याला समजायला वेळ लागला. तेवढ्यात बाकीचे वादक खोकत खोकत उठून गेले.

"म्हणजे स्टुडिओत..."

"हो."

"बाराशे वेळा? आणि मी वाकून वाकून टाळ्या घेत होतो! कुणाच्या जिवावर?"

"दोघांच्या. मला त्या खाली ऐकू यायच्या," ती म्हणाली. "बऱ्यापैकी."

बूट निघून गेले. बुधवारी चहाला कुणी आलं नाही, गुरुवारीही नाही. प्रयोगात तो लांब सूर कापून, आखडता गायला, आणि उपाहारगृहातल्या बाईने तिच्यापुढे सवयीने दोन चहा ठेवले. तिने दोन्ही प्यायले. काय करणार?

शुक्रवारी सकाळी रिकाम्या नाट्यगृहात ती ऑर्गन पुसत होती, तर वरून आवाज आला, "शिकवा."

युक्ती साधी होती. मोठा श्वास सुराआधी घ्यायचा नाही, एक ओळ अलीकडे चोरून घ्यायचा. पण बाराशे प्रयोगांची सवय मोडायची म्हणजे झोपेत कूस बदलू नये असं ठरवण्यासारखं. ती पेन्सिलीने ऑर्गनच्या लाकडावर ठोके द्यायची, तो चुकायचा, ती पुन्हा सुरू करायची.

"क्रूर आहात तुम्ही!"

"यंत्र याहून क्रूर आहे. पुन्हा."

"चहा तरी?"

"जमल्यावर. पुन्हा!"

तो हसायचा, आणि ती पेन्सिल पुन्हा उचलायची. प्रत्येक वेळी तो थोडा अधिक बरोबर यायचा. आपल्याच हाताने आपण ज्या फांदीवर बसलोय ती... पण ठोके तिने एकदाही चुकवले नाहीत.

रविवारच्या प्रयोगात त्याला जमलं. श्वास चोरला, टाच जमिनीवरच राहिली, सूर नेमका आला. आणि खड्ड्यातली तिची बोटं मात्र त्याच्यासाठी थांबून राहिली होती. सात वर्षांत पहिल्यांदा ऑर्गन मागे पडला. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. वर तो गात पुढे गेला, बरोबर, स्वच्छ, एकटा. ती धावत धावत सुरांमागून पोहोचली.

सोमवारी पहिल्याच दमात गाणं मुद्रित झालं. संगीतकार बसूनच "वा!" म्हणाला. पुढच्या आठवड्यात युवराज चित्रीकरणाला गेला.

तो दर रविवारी फोन करायचा. मग एका रविवाराआड. मग चित्रीकरणाची जागा डोंगरात होती, आणि डोंगरात फोन लागत नाही म्हणतात. नाटकात नवा युवराज आला. पोरगेला, चकचकीत बुटांचा, घड्याळासारखा गाणारा. त्याच्यासाठी कुणी थांबायची गरज नव्हती. महिन्याभरात तिची बोटंही थांबायचं विसरली, आणि ज्या दिवशी विसरली त्या दिवशी घरी जाऊन ती दिवा न लावता बसून राहिली.

सिनेमा लागला तेव्हा ती मावशीबरोबर दुपारच्या खेळाला गेली. चार मजली इमारतीएवढा त्याचा चेहरा! अडीच तासांत पाय म्हणून दाखवले नाहीत. ते गाणं आलं. सूर नेमक्या जागी लागला. बाराशे प्रयोगांत इतका बरोबर कधी लागला नव्हता. त्यात एवढीशी फट नव्हती, आणि तिला स्वतःला तिथे ठेवायला कुठेच जागा दिसली नाही. मावशीने अंधारात तिच्या हातात रुमाल दिला आणि आपण पडद्याकडेच बघत राहिली.

त्याच आठवड्यात फोन आला. बुधवारी दुपारी येतोय. दोनच तास आहेत, मग पुढचा सिनेमा. भेटाल?

तो थेट खड्ड्यात उतरला, अंग चोरून. महागडा कोट. तो स्वतः मात्र वाळला होता.

"पुढचा सिनेमा समुद्रापलीकडे आहे," तो म्हणाला. "आठ महिने."

"पेपरात वाचलं. पाच गाणी आहेत ना? छान झालं."

"छान नाही." तो ऑर्गनच्या कडेवर बोट फिरवत राहिला. "मी बरोबर गातो. सगळे छान म्हणतात आणि आपापल्या घरी जातात. मी श्वास घेतला की नाही, हे तिथे एकाही माणसाला कळत नाही. तुला... तुला मला दिसायच्या आधी कळायचं. मला ते उशिरा कळलं. मी सगळीकडे उशिराच येतो बहुतेक." त्याने ऑर्गनवरचं बोट उचललं. "आठ महिने थांबशील माझ्यासाठी?"

"नाही," ती म्हणाली.

चार मजली चेहरा एका क्षणात एवढासा झाला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "किती थांबायचं माणसाने."

"लग्नाआधीचं थांबणं मला पुरलं. नंतरचं बघू. तुम्ही खुशाल जा, मी इथे ऑर्गन वाजवते. पण जाताना माझे म्हणून जा." तिचा आवाज कापत होता, पण ठोका चुकला नाही. "नोंदणी कचेरीत अर्ज पाचपर्यंत घेतात, आणि इथे लग्नही तिथल्या तिथे लागतं. आत्ता सव्वातीन झालेत."

त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. संवाद पाठ करण्यात उभा जन्म गेलेला माणूस, पण ऐन वेळी एक ओळ आठवेना.

"तुला कसं ठाऊक, पाचपर्यंत?"

"काल जाऊन विचारून आले. रांगेत उभी राहून."

"आणि मी हे बोललोच नसतो तर?"

"तर मी बोलणार होते."

"साक्षीदार लागतो ना पण?"

"मावशी वर तिकीटखिडकीपाशी उभी आहे," ती ऑर्गनचं झाकण लावत म्हणाली. "दीड तास झाला. भयंकर चिडलीय... पण लिपस्टिक लावून चिडलीय."